सरबताचें मद्य होतें तेव्हां

वैशाखाच्या उन्हांत अंगणांत कोकमाच्या बरण्या मांडलेल्या दिसल्या कीं मला हटकून आमच्या आत्यांची आठवण होते. या वर्षीं ती आठवण दुहेरी झाली. आमच्या बरण्या उन्हांत असतांनाच सातासमुद्रांपलीकडून दुसऱ्याच एका बरणीचें छायाचित्र घरीं येऊन थडकलें, आणि त्या बरणीनें आमचें घर दोन दिवस अस्वस्थ करून सोडलें. या सदराचे वाचक माझ्या घरच्या गोष्टी आपल्या घरच्या मानून ऐकत आले आहेत. म्हणून हीही गोष्ट आडपडदा न ठेवितां सांगतों. तिच्यांत थोडें रसायनशास्त्र आहे, थोडें धर्मशास्त्र आहे, आणि माझी स्वतःची एक जुनी चूक आहे.

माझ्या थोरल्या बंधूंचें शेंडेफळ अमेरिकेंत ओहायो राज्यांत नोकरीस आहे. त्यानें आपल्या चुलतबहिणीला, म्हणजे माझ्या मुलीला, फोनवरून एक छायाचित्र धाडलें. पांच लिटर मावेल एवढी कांचेची बरणी, तींत माणकासारखा तांबडा रस, रसावर फेंसाचा थर, आणि बरणीच्या बुचांत बसविलेली एक वांकडी नळी. खालीं मजकूर असा होता: दुकानांत मिळणारा रासबेरीचा गोड पाक घेतला, त्यांत पाणी, लिंबू व यीस्ट घातलें, महिन्याभरानें फळांची घरगुती वाइन तयार होईल. आणि शेवटची ओळ: "आईला सांगूं नकोस."

एकत्र कुटुंबांत फोन हें पाण्याच्या तांब्यासारखें सर्वांचेंच भांडें असतें. तें केव्हां कोणाच्या हातीं लागेल याचा नेम नाहीं. तें नेमकें वहिनींच्या हातीं लागलें. त्या रात्रीं वहिनींनीं सर्वांना वाढलें, पण स्वतः पानावर बसल्या नाहींत.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं ओसरीवर खल सुरू झाला. बंधु म्हणाले, "देश तसा वेष. तिकडे हें घरोघर चालतें." पुण्याहून आलेले आमचे जांवई हंसून म्हणाले, "आपले ऋषि सोमरस पीतच होते कीं!" माझ्यांतला मास्तर जागा झाला. मीं म्हटलें, "जांवईबापू, सोम निराळा आणि सुरा निराळी. हा भेद वैदिक वाङ्मयांतच केलेला आहे. सोम कुटावयाचा, गाळावयाचा आणि यज्ञांत देवतांना अर्पण करून मग प्राशन करावयाचा. त्याला महिनाभर बरणींत आंबवीत ठेवण्याची चाल नव्हती."

वहिनी खांबाला टेंकून उभ्या होत्या. त्या शांतपणें म्हणाल्या, "मद्याचें मला एक वेळ सोसेल, भावजी. पण 'आईला सांगूं नकोस' हें त्याला कोणी शिकविलें? तुम्ही शास्त्र वाचलेले. तुम्हीच सांगा, त्या बरणींत आहे तें सरबत कीं मद्य?"

मला एकदम उत्तर सुचेना. कारण हाच प्रश्न याच ओसरीवर मला पूर्वीं एकदां विचारला गेला होता, आणि त्या वेळीं मीं खोटें उत्तर दिलें होतें.

ती गोष्ट १९८४ सालची. बंधूंचें लग्न आदल्याच वर्षीं झालेलें. घरांत हात आखडता होता. कोकमाचें सरबत हें आत्यांचें खातें. आत्या बालविधवा, वयाच्या बाराव्या वर्षापासून माहेरीं राहिलेल्या. सोवळें कडक, जीभ तिखट, आणि आम्हां भावंडांवर माया अपार. कोकमें फोडून त्यांच्या सालींचे व साखरेचे एकावर एक थर बरणींत द्यावयाचे, बरणीच्या तोंडाला फडकें बांधून ती उन्हांत ठेवावयाची, आणि सुटलेला पाक गाळून बाटल्यांत भरून ठेवावयाचा, ही त्यांची रीत. त्या वर्षीं मात्र त्यांनीं साखर जवळजवळ निम्मीच घातली. काटकसर एवढीच कीं काय ती चूक.

पुढें आषाढी एकादशीला त्यांनीं त्या सरबताचे दोन पेले घेतले. म्हणाल्या, "यंदांचें कोकम जिभेला चावतें रे." दुपारीं त्यांना गाढ झोंप लागली. उठल्या त्या मोठ्या प्रसन्न मुद्रेनें अभंग गुणगुणतच. आम्हीं मुलांनीं त्याचें श्रेय पांडुरंगाला दिलें. तीन रात्रींनंतर माजघराच्या फडताळांत बंदुकीसारखा आवाज झाला. दिवा घेऊन पाहतों तों एक बाटली फुटलेली, फडताळभर कांचा, आणि तांबडा फेंस भिंतीवरून ओघळत असलेला.

दुसऱ्या दिवशीं आमच्या शाळेंत शास्त्र शिकविणारे एक सहकारी घरीं आले होते. त्यांनीं उरलेल्या बाटलींतलें थोडें चाखून पाहिलें आणि हंसत म्हणाले, "मास्तर, ही तर उत्तम वाइन झाली!" ते बोलले तें दाराआड उभ्या असलेल्या आत्यांनीं ऐकलें.

संध्याकाळीं आत्यांनीं मला ओसरीवर बोलावलें. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तूं शास्त्रीबुवांजवळ संस्कृत शिकलास. खरें सांग, एकादशीला मीं मद्य घेतलें काय?" मी तेव्हां सत्तावीस वर्षांचा. त्या वृद्ध मुद्रेकडे पाहून माझें धैर्य खचलें. मीं म्हटलें, "छे हो आत्या! सरबत जरा आंबलें होतें, इतकेंच."

त्या "बरें" म्हणाल्या. रात्रींच त्यांनीं सर्व बाटल्या माडाच्या मुळांत ओतल्या. दुसऱ्या दिवशीं पंचगव्य घेतलें आणि तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहींत. त्यानंतर त्या सात वर्षें हयात होत्या, पण कोकमाच्या सरबताचा थेंब त्यांनीं कधीं तोंडांत घातला नाहीं. कोणीं विचारलें तर म्हणत, "आतां मला आंबट सोसत नाहीं." मीं सांगितलेलें त्यांनीं मानलें नव्हतें, हें मला त्यांच्या पेल्यांतल्या साध्या पाण्याकडे पाहून रोज कळत होतें. तरीही मीं पुन्हां तोंड उघडलें नाहीं.

म्हणून या वेळीं मीं वहिनींना म्हटलें, "मला एक दिवस द्या. या खेपेस जें खरें आहे तें सगळें सांगेन." दुसऱ्या दिवशीं मीं जें सांगितलें तें येथें क्रमानें देतों, कारण ज्या घरांत सरबत होतें त्या प्रत्येक घराला तें उपयोगाचें आहे.

प्रथम पाकाचा धर्म पाहूं. सरबताच्या घट्ट पाकांत शेंकडा ६५ च्या आसपास साखर असते. एवढ्या दाट साखरेंत किण्वाचे, म्हणजे यीस्टचे, सूक्ष्म जीव वाढूं शकत नाहींत. साखर त्यांच्या अंगांतलें पाणीच ओढून घेते. मोरंबा वर्षभर टिकतो तो याच न्यायानें. परंतु साखर कमी पडली किंवा पाकांत पाणी शिरलें, कीं तेच जीव जोमानें वाढतात. ते बाहेरून आणावे लागतात असेंही नाहीं. फळांच्या सालीवर, फुलांच्या मधांत, हवेंतल्या धुळींत ते असतातच. हवा न मिळतां साखरेवर जगण्याची युक्ति त्यांना साधलेली आहे. साखरेचे ते दोन भाग करितात: वजनानें जवळजवळ निम्मा मद्यार्क आणि निम्मा कर्बवायु. फ्रान्समधील लुई पाश्चर यांनीं १८५७ पासूनच्या आपल्या संशोधनानें हें आंबणें सजीवांचें कार्य असल्याचें दाखविलें; आणि १८९७ सालीं जर्मनींतील एडुआर्ड बुखनर यांनीं असें सिद्ध केलें कीं, त्या जीवांना चिरडून काढलेला निर्जीव रसही तेंच कार्य करितो. या शोधाबद्दल त्यांना १९०७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां पुतण्याच्या बरणीचा हिशेब मांडूं. मुलांना शिकवितांना मी म्हणत असें, ज्याचें गणित मांडतां येतें त्याची भीति निम्मी होते. एक लिटर घट्ट पाकांत सुमारें ८५० ग्रॅम साखर असते. त्यांत तीन लिटर पाणी घातलें म्हणजे सुमारें चार लिटर मिश्रण झालें, व दर लिटरमागें २१० ग्रॅमांच्या आसपास साखर आली. अनुभवाचा नियम असा कीं, एका लिटरमधील १७ ग्रॅम साखर आंबली म्हणजे मद्यार्काचें प्रमाण आकारमानानें शेंकडा १ नें चढतें. २१० ला १७ नें भागिलें म्हणजे १२ च्या वर येतात. म्हणजे सगळी साखर आंबली तर त्या बरणींत शेंकडा १२ मद्यार्क होणार. द्राक्षाच्या वाइनींत असतो तेवढाच. रंग सरबताचा, वास फळाचा, आणि बळ वाइनचें. त्याला "नुसता फळांचा रस" म्हणणें ही भाषेची फसवणूक होय.

ही कृति दिसते तितकी सोपीही नाहीं. दुकानांतल्या पाकांत पुष्कळदां सोडियम बेंझोएट अथवा पोटॅशियम सॉर्बेट घातलेलें असतें. किण्वाला आवर घालण्यासाठींच तें असतें, म्हणून तसा पाक आंबतां आंबत नाहीं. शिवाय नुसत्या साखरपाण्यांत किण्वाला पोषण अपुरें पडतें. त्यासाठीं निराळें खाद्य घालावें लागतें. भांडीं निर्मळ नसलीं, किंवा आंबणें संपल्यावर हवा लागत राहिली, तर दुसरे जीव त्या मद्याचा शिरका करून टाकतात. बरणीच्या तोंडाची ती वांकडी नळी याकरितांच: तिच्यांतल्या पाण्यांतून आंतला वायु बुडबुड्यानें बाहेर जातो, पण बाहेरची हवा आंत येत नाहीं.

आणि तोंड घट्ट बंद केलें तर? चार चमचे, म्हणजे वीस ग्रॅम, साखर आंबली तरी तिच्यांतून पांच लिटरांच्या आसपास वायु सुटतो. पाऊण लिटरच्या बुच मारलेल्या बाटलीला तो कोठून मावावा? आत्यांची बाटली फुटली तिचें कारण एवढेंच होतें. तिच्यांत ना दैव होतें, ना कोप.

हें झालें अलीकडचें शास्त्र. परंतु आपल्या पूर्वजांना हा व्यवहार ठाऊक नव्हता असें मात्र कोणीं समजूं नये. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं कौटिलीय अर्थशास्त्र प्रथम छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्ष या अधिकाऱ्याचें प्रकरण आहे. त्यांत आसवाची जी कृति दिली आहे ती अशी: कवठ एक तुळा, फाणित पांच तुळा आणि मध एक प्रस्थ. तुळा म्हणजे शंभर पलें. फाणित म्हणजे आटवून अर्धवट दाट केलेला उसाचा रस. आपण जिला काकवी म्हणतों तिचीच ती थोरली बहीण. म्हणजे एक वाटा फळ आणि पांच वाटे गोड पाक. हींच मापें सव्वापटीनें वाढविलीं तर उत्तम, चतुर्थांशानें कमी केलीं तर कनिष्ठ, असेंही तेथें म्हटलें आहे. ओहायोंतल्या बरणींत रासबेरी आहे आणि येथें कवठ, एवढाच काय तो फरक! आंबविण्याच्या विरजणाला तेथें किण्व हाच शब्द आहे, व तें उडीद आणि तांदूळ यांपासून करण्याची रीतही दिली आहे. आज शास्त्राच्या मराठी पुस्तकांत किण्वन हा शब्द येतो तो तेथूनच.

त्याच प्रकरणांतली आणखी एक गोष्ट वाचून मी थबकलों. राज्याच्या कडक देखरेखींतही कुटुंबवत्सल गृहस्थांना कांहीं प्रसंगीं घरगुती सुरा व औषधासाठीं अरिष्ट करण्याची मुभा तेथें दिलेली आहे. म्हणजे घरांत काय आंबतें, कशासाठीं आंबतें व केव्हां आंबतें, हें राजाला ठाऊक असे आणि गृहस्थही तें लपवीत नसे.

वैद्यकाकडे वळलें तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आसवांचे ८४ प्रकार मोजलेले आहेत. त्यांपैकीं २६ एकट्या फळांचे. आजही वैद्य जें द्राक्षासव देतात तें द्राक्षें, गोडवा आणि धायटीचीं फुलें बंद भांड्यांत ठेवूनच होतें. धायटीच्या फुलांबरोबर किण्व येतें. बाजारांतल्या द्राक्षासवाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचा. बाहेरून न घातलेला, आंतच उत्पन्न झालेला मद्यार्क बहुधा शेंकडा ५ ते १० असल्याचें तेथें छापलेलें आढळेल. आमच्या आत्या खोकल्यासाठीं कितीक वर्षें जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेत असत! कोकमाच्या दोन पेल्यांनीं ज्यांनीं तीन दिवस उपास काढले, त्यांनीं त्या तीन दिवसांआधींही व नंतरही तो चमचा निःशंकपणें घेतला होता. हें मीं त्यांना तेव्हां समजावून सांगितलें असतें तर? औषध आणि पान यांतला भेद मात्रेचा आणि हेतूचा असतो. न कळत घडलेलें आणि जाणून केलेलें यांना स्मृतिकारांनीं एकाच तागडींत तोललेलें नाहीं. हें त्यांना कळलें असतें तर त्यांचीं शेवटचीं सात वर्षें कोकमावांचून गेलीं नसतीं. मीं दया म्हणून खोटें बोललों, आणि त्या खोट्यानेंच त्यांना शंकेच्या कोठडींत एकटें सोडलें.

तथापि खरें सांगावयाचें तर सोयीचें तेवढेंच सांगून चालणार नाहीं. अर्थशास्त्रांत मुभा आहे म्हणून धर्मशास्त्रांतही आहे, असा निष्कर्ष काढणें म्हणजे पुतण्याला खूष करण्यासाठीं शास्त्र वांकविणें होय. मनुस्मृतींत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत: गुळाची गौडी, पिठाची पैष्टी, आणि मधाची अथवा मोहाच्या फुलांची माध्वी. ब्राह्मणाला तिन्ही सारख्याच वर्ज्य म्हटल्या आहेत, आणि सुरापान महापातकांत गणलें आहे. साखरेच्या पाकाची ही वाइन गौडीचीच नात. महाभारतांत कचाची कथा आहे. दैत्यांनीं कचाची राख मद्यांत कालवून शुक्राचार्यांना पाजली आणि त्यांना तें कळलें नाहीं. तेव्हां शुद्धीवर आल्यावर त्यांनींच ब्राह्मणाच्या मद्यपानाला शाप दिला. ही कथा मला नेहमींच विचार करावयास लावते. तो निषेध मद्य ठाऊक नसलेल्या मनुष्यानें केलेला नाहीं. मद्यानें आपला विवेक कसा हरण केला हें ज्यानें स्वतः अनुभविलें त्यानें केलेला आहे.

राहिला राजाचा कायदा. आमच्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आहे. त्याचें नांव आतां महाराष्ट्र दारूबंदी कायदा असें आहे. त्याप्रमाणें परवान्यावांचून मद्य तयार करणें हा अपराध आहे. विकावयाचें नाहीं, घरच्याच पेल्यांत घ्यावयाचें आहे, ही सबब तेथें चालत नाहीं. अमेरिकेंत मात्र १९७८ च्या कायद्यानें प्रौढ मनुष्याला घरच्या उपयोगापुरती वर्षाला १०० गॅलनपर्यंत, व दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलनपर्यंत बियर अथवा वाइन कर न भरतां करतां येते. विकतां मात्र येत नाहीं. तेव्हां पुतण्यानें तिकडे कायदा मोडलेला नाहीं. तेंच त्यानें सुटींत येऊन आमच्या माजघरांत केलें असतें तर तो अपराधी ठरला असता.

हें सर्व सांगून झाल्यावर मीं वहिनींना म्हटलें, "तुमच्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत असें: तें मद्य आहे. आणि दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर असें: लपवावयाला त्याला कोणीं बाहेरच्यानें शिकविलें नाहीं. आपल्या घरांत अशा गोष्टींचीं नांवें घेत नाहींत, हें तो लहानपणापासून पाहत आला. त्याची सुरुवात याच ओसरीवर मीं केली." आणि मग आत्यांची हकीकत मीं सर्वांसमोर सांगितली. बंधु खालीं मान घालून ऐकत होते. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत.

त्याच रात्रीं मीं पुतण्याला पत्र लिहिलें. आजकाल पत्रही फोनवरच जातें, परंतु मीं तें आधीं कागदावर लिहून मग मुलीकडून धाडविलें. त्यांत उपदेश फार केला नाहीं. बरणीचा हिशेब मांडून दाखविला, शेंकडा १२ चा आंकडा अधोरेखित केला, आणि लिहिलें: "चिरंजीवास अनेक आशीर्वाद. तूं केलेंस तें सरबत नाहीं, मद्य आहे. त्याला त्याच नांवानें हांक मार. शास्त्र काय म्हणतें तें वर दिलें आहे. तें तुला मान्य असो वा नसो, अडाणीपणानें मोडूं नकोस. मी घेत नाहीं व घेणार नाहीं, आणि या घरांत तें होणार नाहीं. तूं प्रौढ आहेस; तुझ्या घरीं काय करावयाचें तें तूं ठरव. पण पेला हातांत घेतलास त्या रात्रीं गाडीला हात लावूं नकोस. पाहुण्याला तें सरबत म्हणून देऊं नकोस. आणि आईला तूं स्वतः सांग."

दोन दिवसांनीं फोन आला. वहिनींनीं तो ओसरीवरच घेतला, सर्वांना ऐकूं येईल असा. पलीकडून कांहीं वेळ शब्दच येईना. मग पुतण्या म्हणाला, "आई, तें मद्यच आहे. काकांनीं हिशेब केला आहे तो बरोबर आहे. मला तुला सांगावयाचें धैर्य झालें नाहीं."

वहिनींनीं पदरानें डोळे टिपले. त्या म्हणाल्या, "मला तें आवडलें नाहीं, आणि आवडणारही नाहीं. येतांना इकडे आणूं नकोस. पण आतां सांगितलेंस, बरें केलेंस." आणि थोडें थांबून पुढें म्हणाल्या, "बरणीचें तोंड घट्ट लावूं नकोस हो. आत्यांची बाटली फुटली तेव्हां फडताळांतल्या कांचा मींच वेंचल्या होत्या. आठ दिवस बोट दुखत होतें."

फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुम्ही त्या दिवशीं आत्यांना खोटें सांगितलेंत, हें मला तेव्हांच कळलें होतें. नवी सून, मी काय बोलणार? आत्यांनाही कळलें होतें. मला म्हणाल्या होत्या, 'पोराला माझी दया आली गो. आतां त्याला पुन्हां विचारूं नये.'"

चाळीस वर्षें मी समजत होतों कीं मीं आत्यांना संभाळलें. वस्तुतः त्यांनींच मला संभाळलें होतें.

असो. आतां गृहिणींसाठीं कामाच्या चार गोष्टी सांगून हें लांबलेलें गुऱ्हाळ आटोपतों. सरबताचा पाक सरबतच राहावा अशी इच्छा असेल तर साखरेंत काटकसर करूं नये. रसाच्या दीडपट ते दुप्पट साखर वजनानें घ्यावी. बाटल्या उकळत्या पाण्यानें धुऊन उन्हांत कोरड्या ठणठणीत कराव्या. ओला चमचा पाकांत घालूं नये, व पाणी पेल्यांत मिसळावें, बाटलींत नव्हे. बाटली उघडतांना फुस्स आवाज आला, वर बारीक बुडबुडे दिसले, किंवा सरबत जिभेला चावूं लागलें, तर तें आंबलें असें समजावें. तसें सरबत मुलांना देऊं नये आणि उपासाच्या मनुष्यापुढेंही ठेवूं नये. बुच मात्र जपून सैल करावें, तोंडापासून दूर धरून. आणि घरांत कोणीं विचारलें, "हें काय झालें आहे?" तर जें झालें असेल त्याचें नांव सांगावें.

यंदांच्या कोकमांत वहिनींनीं साखर पुरती घातली आहे. पहिला पेला त्यांनीं आत्यांच्या तसबिरीपुढें ठेवला.